स्टेकहाऊसमधला पंक्तिप्रपंच

आपल्या भाषेत ‘पंक्तिप्रपंच’ असा एक मोठा मार्मिक शब्द आहे. एकाच पंगतीला बसलेल्या दोघांपैकी एकाच्या भातावर तुपाची धार धरावयाची आणि दुसऱ्याच्या भातावर थेंब टाकून पुढे सरकावयाचे, यास आपण पंक्तिप्रपंच म्हणतो आणि तो करणाऱ्या यजमानास नावे ठेवतो. परंतु या शब्दाच्या पोटात आणखी एक कठोर प्रश्न दडलेला आहे. पंगतीला बसवावयाचे कोणाला, आणि दाराबाहेर उभे ठेवावयाचे कोणाला? हा प्रश्न केवळ आपल्याच समाजापुढे उभा होता असे नव्हे. न्यूयॉर्कसारख्या महानगरातील जुन्या, नामांकित स्टेकहाऊसांचा इतिहास चाळला, तर तेथेही तो जागोजागी भेटतो. आज त्या भोजनगृहांविषयी चार गोष्टी सांगावयाच्या योजिल्या आहेत.

स्टेक म्हणजे मांसाचा जाड, आडवा काप; बहुधा गोमांसाचा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे मांस वर्ज्य आहे, तर काहींच्या घरी, विशेषतः गोव्याकडील ख्रिस्ती कुटुंबांत, ते नित्याच्या जेवणातले आहे. तेव्हा त्याची भलावण करावी अथवा निंदा करावी, हा आजच्या भाषणाचा हेतू नाही. एखाद्या समाजाने आपल्या आवडत्या जेवणाभोवती कोणती शिस्त उभारली आणि कोणते कुंपण घातले, एवढेच आपण पाहू.

अशा भोजनगृहात प्रथम डोळ्यांत भरतो तो तेथील साधेपणा. लाकडी तक्तपोशीच्या भिंती, जाड लाकडी मेजे, कमरेला पांढरे वस्त्र गुंडाळलेले आणि बहुधा वयस्क असे वाढपी. पदार्थांची यादी आखूड असते. आरंभी टोमॅटो व कांदा यांचे जाड काप, मग स्टेक, सोबत परतलेले बटाटे आणि सायीत शिजवलेला पालक, शेवटी चीजकेक. मसाल्यांची गर्दी नाही, सजावटीचा सोस नाही. ब्रुकलिनमधील पीटर लुगर या प्रसिद्ध स्टेकहाऊसात तर तापलेले ताट एका बाजूने उंचावून, थोडे तिरके ठेवतात. म्हणजे वितळलेले लोणी आणि मांसाचा रस खालच्या कडेला जमतो आणि वाढपी तो चमच्याने पुन्हा कापांवर घालतो. सारा थाट काय तो एवढाच!

पण साधे दिसणारे अन्न सोपे असतेच असे नाही. आपली भाकरीच पाहा ना! पीठ, पाणी आणि विस्तव यांखेरीज तिच्यात काही नाही. म्हणूनच थापणारीचा हात चुकला तर लपवावयास जागा उरत नाही. स्टेकचेही तसेच आहे. त्याचे खरे काम विस्तवापाशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. प्रथम निवड. तांबड्या मांसात चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा संगमरवरातील शिरांप्रमाणे पसरलेल्या असाव्या लागतात. याच लक्षणावर मुख्यतः भर देऊन अमेरिकी सरकारने १९२७ पासून गोमांसाची प्रतवारी करण्यास आरंभ केला; तीतील सर्वोच्च प्रतीस ‘प्राइम’ म्हणतात. निवडीनंतर प्रतीक्षा. गोठणबिंदूच्या किंचित वर तपमान असलेल्या, वारा खेळता ठेवलेल्या थंड कोठडीत हे मांस तीन-चार आठवडे उघडेच ठेवतात. त्यातील पाणी हळूहळू उडते आणि चव दाट होते. मांसात मुळातच असलेली पाचकद्रव्ये त्याचे तंतू मृदू करतात. बाहेरचा वाळलेला, काळवंडलेला थर कापून टाकावा लागतो. म्हणजे वजन घटते, जागा अडते, भांडवल पडून राहते. आणि ही सारी घट अखेर गिऱ्हाइकाच्या देयकात उतरते.

शेवटी विस्तव. चारशे अंश सेल्सियसच्या घरातील प्रखर आचेखाली काही मिनिटांत बाहेरून खमंग तपकिरी कवच धरते आणि आतला भाग मात्र गुलाबी, रसाळ राहतो. हे तपकिरी खमंगपण ज्या रासायनिक क्रियेने येते, तिचे वर्णन लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केले. तव्यावरच्या भाकरीस आणि भट्टीतील पावास जो भाजका सुवास येतो, तोही याच क्रियेचा.

हा झाला पाककृतीचा भाग. आता कुंपणाकडे वळू.

शिकागोचे अवाढव्य गुरांचे बाजारआवार, युनियन स्टॉकयार्ड्स, डिसेंबर १८६५ मध्ये उघडले. आरंभी पश्चिमेकडील जनावरे जिवंतच आगगाडीने पूर्वेकडील शहरांकडे जात. वाटेत ती रोडावत, काही मरतही. १८८० च्या सुमारास गुस्ताव्हस स्विफ्ट या व्यापाऱ्याने बर्फाने थंड ठेवलेले रेल्वेचे डबे यशस्वी करून दाखविले आणि शिकागोत कापलेले मांस ताज्या स्थितीत न्यूयॉर्कला पोहोचू लागले. महानगरातील भोजनगृहांची भरभराट या लोहमार्गावर उभी होती. परंतु शिकागोतील कत्तलखान्यांत रक्तामांसाच्या चिखलात दिवसभर राबणारे मजूर, मुख्यतः लिथुएनिया, पोलंड इत्यादी देशांतून आलेले गरीब लोक, त्या मेजांवर कधी बसले नाहीत. अप्टन सिंक्लेअर या लेखकाने त्यांची दैना १९०६ मध्ये ‘द जंगल’ या कादंबरीत मांडली. वाचक हादरले, पण मजुरांच्या हालांपेक्षा आपल्या ताटातील मांसाच्या घाणीने अधिक हादरले! त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. मजुराच्या वेतनाचा आणि श्रमाच्या तासांचा प्रश्न त्या कायद्याने सुटला नाही. पंगतीतल्यांची काळजी तत्काळ घेतली गेली. पंगत रांधणारे वाट पाहत राहिले. शिकागोचे ते आवार १९७१ मध्ये बंद झाले.

दुसरे कुंपण स्त्रियांसाठी होते. न्यूयॉर्कमध्ये डेल्मॉनिको हे त्या काळचे सर्वांत प्रतिष्ठित भोजनगृह. स्वित्झर्लंडहून आलेल्या भावांनी १८२७ मध्ये मिठाईचे छोटे दुकान म्हणून सुरू केलेली ती पेढी. डेल्मॉनिको स्टेक हे नाव तिच्यावरूनच पडले. एप्रिल १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी तेथे चार्ल्स डिकन्स यांना मेजवानी दिली. ‘जेनी जून’ या नावाने लिहिणाऱ्या जेन कनिंगहॅम क्रोली या स्वतः नामांकित पत्रकार होत्या. परंतु त्या स्त्री पडल्या, आणि त्यांना त्या मेजवानीत मानाने जागा देण्यास पुरुषबंधूंनी टाळाटाळ केली. क्रोलीबाईंनी त्रागा केला नाही. त्यांनी ‘सोरोसिस’ नावाचा स्त्रियांचा स्वतंत्र संघ उभारला आणि त्या स्त्रिया, कोणाही पुरुषाची सोबत न घेता, डेल्मॉनिकोतच भोजनास बसल्या. पुरुषाविना आलेल्या स्त्रीला प्रतिष्ठित भोजनगृहात सहसा प्रवेश नसण्याचे ते दिवस होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या साध्या भोजनाचे मोल कळते.

आणि श्रोतेहो, योगायोग असा की, त्याच १८६८ साली पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांसाठी खुला केला. दोन्ही घटनांची तुलना करण्याचे कारण नाही. तहानलेल्याला पाणी नाकारणे आणि सुखवस्तू स्त्रीला मेज नाकारणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु कुंपण उघडण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच दिसते. कोणीतरी अर्जविनंत्यांची वाट न पाहता प्रत्यक्ष कृती करावी लागते.

यानंतरची हकीकत केन्स या भोजनगृहाची. १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या नाट्यवस्तीत स्थापन झालेले हे घर आजही चालू आहे. त्याच्या छताला पांढऱ्या मातीच्या लांब, नाजूक चिलमी हजारोंच्या संख्येने टांगलेल्या आहेत. पूर्वीची गिऱ्हाइके आपापली चिलीम तेथेच ठेवीत. हे घर केवळ पुरुषांसाठी होते. लिली लँग्ट्री या ख्यातनाम इंग्रज अभिनेत्रीस तेथे प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा त्यांनी १९०५ मध्ये न्यायालयात दाद मागितली आणि खटला जिंकला. नंतर त्या थाटात तेथे गेल्या आणि त्यांनी त्या घराचा प्रसिद्ध मटन-चॉप मागविला, असे केन्सच्या परंपरेत अभिमानाने सांगतात. ज्या स्त्रीने आपल्याला न्यायालयात खेचले, तिचीच आठवण त्या घराने पुढे भूषण म्हणून मिरवावी, हा काळाचा महिमा!

पुरुषांची आणखी एक पद्धत न्यूयॉर्कमध्ये रूढ होती. तिला ते ‘बीफस्टेक’ असेच म्हणत. राजकीय पक्षांचे आणि व्यावसायिक संघांचे लोक अंगावर पांढरे फडके बांधून जमत आणि काटे-सुऱ्यांवाचून, हातांनी, पोट तडीस लागेपर्यंत मांस खात व बिअर पीत. जोसेफ मिचेल या सिद्धहस्त पत्रकाराने १९३९ मध्ये या प्रथेवर लिहिले आहे. १९२० मध्ये अमेरिकी स्त्रियांना मताधिकार मिळाला, राजकीय पुढाऱ्यांना त्यांनाही बोलावणे भाग पडले, आणि मग मेजावर काटे-सुऱ्या आल्या, फळांचे पेले आले. जुन्या मंडळींना हा रसभंग वाटला. मताचा अधिकार असा जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचतो!

परंतु या साऱ्या इतिहासातील सर्वांत बोलकी गोष्ट पीटर लुगरची आहे. ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात १८८७ मध्ये, बिलियर्डस् आणि बोलिंग यांची सोय असलेले उपाहारगृह म्हणून त्याचा आरंभ झाला. पीटर लुगर १९४१ मध्ये वारले आणि पुढे धंदा उतरणीस लागला. १९५० मध्ये त्याचा लिलाव झाला, तेव्हा समोरच कारखाना असलेल्या सॉल फोरमन या नित्याच्या गिऱ्हाइकाने ते विकत घेतले. त्यांना खाणे ठाऊक होते, खरेदी ठाऊक नव्हती. ती जबाबदारी त्यांच्या पत्नी मार्शा फोरमन यांनी उचलली. सरकारी प्रतवारी खात्यातील एका निवृत्त तज्ज्ञाकडे त्यांनी सुमारे दोन वर्षे शिक्षण घेतले. मग ही बाई पांढरा कोट चढवून मांसाच्या घाऊक बाजारात स्वतः जाई, टांगलेल्या धडांतून एकेक पारखी, आणि मनास न येईल ते खुशाल नाकारी. त्या पुरुषी बाजारात तिचा शब्द चालू लागला. तिच्यामागून तिच्या कुटुंबातील स्त्रियांनीही हेच काम पत्करले. ज्या प्रकारच्या घरांचे दार एकेकाळी स्त्रीला बंद होते, त्यांपैकी सर्वांत नावाजलेल्या एका घराची कीर्ती स्त्रीच्या पारखी नजरेवर उभी राहिली. कुंपणामुळे बाहेर राहिलेल्यांचे नुकसान होते हे आपण जाणतो. पण आत बसलेल्यांचेही किती नुकसान होते, हे या एका उदाहरणावरून दिसते.

आज तेथे स्त्रीपुरुष, काळेगोरे, देशोदेशींचे पाहुणे शेजारी शेजारी बसतात. आता कुंपण उरले आहे ते मुख्यतः पैशाचे. आणि गुरांच्या पैदाशीमुळे वातावरणात मिसळणाऱ्या मिथेन वायूचा हिशेबही विचारला जात आहे. तोही एका अर्थी न्यायाचाच प्रश्न आहे. कारण त्या उष्म्याची झळ मेजापासून फार दूर असलेल्यांनाही लागते.

आपल्याकडील कोणी नोकरी-शिक्षणानिमित्त त्या शहरात गेला आणि सहकाऱ्यांनी त्यास अशा ठिकाणी नेले, तर त्याने संकोचून जाऊ नये. गोमांस वर्ज्य असेल त्यास केन्समध्ये मेंढराच्या मांसाचा तो मटन-चॉप आहे; अन्यत्र मासळी आहे; शाकाहाऱ्यास बटाटे आणि भाज्या आहेत, मात्र त्या कशात शिजविल्या हे विचारून घ्यावे. आपण काय खात नाही, हे स्वच्छ शब्दांत सांगण्यात उणेपणा नाही. आणि शेजारचा काय खातो, याकडे नाक मुरडून पाहण्यात मोठेपणा नाही. पान आपापले, पण पंगत एकच, असे म्हणता आले म्हणजे पुरे.

घराची पारख शेवटी पक्वान्नांवरून होत नसते. पाने किती मांडली, हे तर आपण मोजतोच. दाराबाहेर कोण उभे आहे, हेही यजमानाने एकदा डोकावून पाहावे.