कांचेच्या पेटींतील समुद्राचे प्रवाह

दिवाणखान्यांत कांचेची पेटी ठेवून तींत रंगीबेरंगी मासे पाळण्याची हौस आपणांस नवीन नाहीं. परंतु त्याच पेटींत खारें पाणी भरून जिवंत प्रवाळ, म्हणजे पोवळ्याचे प्राणी, वाढविण्याची हौस त्या मानानें अलीकडची आहे. १९६१ सालीं इंडोनेशियांतील ली चिन एंग या गृहस्थांनीं जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांच्या साहाय्यानें समुद्रजीव पाळण्याची आपली पद्धति प्रसिद्ध केली. पुढें युरोप-अमेरिकेंत या छंदास शास्त्रीय वळण लागलें, आणि आज त्याचीं सर्व यंत्रें बाजारांत तयार मिळतात. पण यंत्र विकत घेणें निराळें आणि तें योग्य जागीं बसविणें निराळें. पाणी खेळतें ठेवणारे पंप पेटींत कोठें व कसे बसवावे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण प्रवाळाच्या दृष्टीनें तो जीवन-मरणाचा आहे. मासा आपण होऊन पाण्यांतून फिरतो. प्रवाळ एके जागीं चिकटलेला. त्याला अन्नामागें जातां येत नाहीं, कीं आपल्या मळापासून दूर सरतां येत नाहीं. शिवाय त्याच्या अंगाला लागून पाण्याचा एक अत्यंत पातळ थर जवळजवळ स्थिर असतो व सारी देवघेव या थरांतूनच व्हावयाची असते. बाहेरचें पाणी संथ झालें कीं हा थर जाड होतो. खेळतें राहिलें कीं तो पातळ होतो. प्रवाळाच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल वास करतात. दिवसा ते इतका प्राणवायु निर्माण करतात कीं तो वाहून नेला गेला नाहीं तर त्यांच्याच कामांत अडथळा येतो, हें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनीं दाखविलें आहे. रात्रीं उलट स्थिति असते. तोच प्राणवायु बाहेरून यावा लागतो. म्हणजे दिवसा नेण्यासाठीं आणि रात्रीं आणण्यासाठीं, दोन्ही वेळां प्रवाह हवाच.

१९९८ सालीं समुद्राचें पाणी तापून अनेक महासागरांतील प्रवाळ पांढरे पडले. नाकामुरा व व्हॅन वूसिक या संशोधकांनीं जपानांत एकाच जातीचे प्रवाळ जलद आणि मंद अशा दोन प्रवाहांत ठेवून पाहिले. ऊन पाण्यांत जलद प्रवाहांतील प्रवाळ पुष्कळसे तगले, मंद प्रवाहांतील दगावले. हा निष्कर्ष त्यांनीं २००१ सालीं प्रसिद्ध केला.

मग मोठा पंप आणून प्रवाळावर रोखावा काय? येथेंच नवशिक्याची फसगत होते. पंपाच्या तोंडांतून निघणारी धार म्हणजे समुद्राची लाट नव्हे. लाट येते आणि माघारी जाते. धार एकाच बाजूनें अहोरात्र मारा करते. अशा माऱ्याखालीं प्रवाळाचें मांस झिजून आंतला पांढरा सांगाडा उघडा पडतो. तेव्हां पाणी जोरानें हलविण्यापेक्षां तें सर्वत्र आणि आलटून पालटून हलविणें, हें खरें साध्य आहे.

समजा, आपली पेटी चार फूट लांब आणि दीड दीड फूट रुंद व उंच आहे. तींत सुमारें २५० लिटर पाणी मावेल. मृदु प्रवाळांसाठीं पेटींतील पाण्याच्या १० ते २० पट, आणि फांद्यांच्या पाषाण-प्रवाळांसाठीं ४० पट किंवा अधिक पाणी पंपांनीं दर तासास हलवावें, असा या छंदांतील लोकांचा ढोबळ हिशेब आहे. हें काम एका पंपावर न सोंपवितां दोहोंवर वांटावें. दोन्ही आखूड बाजूंवर एकेक पंप पृष्ठभागाखालीं थोड्या अंतरावर लावून त्यांचीं तोंडें किंचित् वर वळवावीं. पृष्ठभागावर लहरी उठल्या कीं प्राणवायु पाण्यांत मिसळतो व कर्बवायु बाहेर पडतो. एक पंप थोडा मागच्या कांचेकडे सरकवावा, म्हणजे खडकापाठीमागूनहि पाणी वाहील. यासाठीं खडक मागच्या कांचेस टेकवून रचूं नये. मध्यें वाट ठेवावी.

दोन्ही पंप एकाच वेळीं समोरासमोर चालविले तर धारा मध्यभागीं आदळून फुटतात आणि पाण्यास अनियमित गति मिळते. एकच चालविला तर पाणी वरून पलीकडच्या कांचेपर्यंत जातें, खालीं वळतें आणि तळाशीं माघारी येतें. कांहीं तासांनीं पहिला बंद करून दुसरा चालविला कीं हें चक्र उलट फिरतें. हा पालट घड्याळी खटक्यानें आपोआप होऊं शकतो. आणखी एक नियम ध्यानांत ठेवावा: तोंडापासून थोडें दूर गेल्यावर अंतर दुप्पट झालें कीं धारेच्या मध्याचा वेग सुमारें निम्मा होतो. म्हणून कणखर फांद्यांचे प्रवाळ वर, पण पंपापासून हातभर दूर, आणि मांसल, फुगणारे प्रवाळ खालीं आडोशास ठेवावे.

जागा योग्य साधली कीं नाहीं, हें पेटी स्वतःच सांगते. तळाची वाळू उडून कांच उघडी पडली, तर धार फार खालीं आहे. कोपऱ्यांत गाळ सांचून तांबूस बुळबुळीत पापुद्रा धरला, तर तेथें पाणी पोंचत नाहीं. प्रवाळाचे हात सदैव एकाच बाजूस वाकलेले दिसले, तर मारा थेट आहे. ते लवून पुन्हां सांवरत असतील, तर सर्व ठीक. चिमूटभर बारीक अन्न सोडून त्याचे कण कोठें जातात व कोठें अडतात तें पाहावें. एका वेळीं एकच पंप थोडासा वळवावा आणि आठवडाभर वाट पाहावी.

पंपाची वायर खटक्याच्या खालपर्यंत लोंबून मग वर जाऊं द्यावी, म्हणजे ओघळणारें पाणी विजेपर्यंत जाणार नाहीं. पंपाच्या शोषणमुखास जाळी हवी. समुद्रफूल चालत जाऊन तेथें अडकतें. वीज गेली कीं प्रवाह थांबतो आणि प्राणवायु घटूं लागतो. त्यासाठीं बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवावा.

शेवटीं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशांत पाषाण-प्रवाळांस २००१ सालापासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचें संरक्षण आहे. मालवणच्या किंवा अन्य कोणत्याहि किनाऱ्यावरून ते काढून आणणें हा गुन्हा आहे. कायद्यास मान्य असेल तोच जीव घरीं आणावा. आणि तो आणण्यापूर्वीं पंप बसवून, नुसत्या खडकांवरून पाणी कसें वाहतें तें कांहीं दिवस पाहावें. ज्या जीवास आपली जागा सोडून जातां येत नाहीं, त्याची जागा ठरविण्याची जबाबदारी सर्वस्वीं आपली आहे.