बसमधले तास कोणाचे?

आज गाडीवर बोलतोय. आपल्यातल्या बहुतेकांकडे ती नाही, म्हणूनच.

1908 साली अमेरिकेत हेन्री फोर्डची मॉडेल टी आली. 1913 मध्ये कारखान्यात सरकती लाइन बसली आणि एक चॅसिस जोडायचं बारा तासांचं काम दीड तासावर आलं. 850 डॉलरची गाडी पुढे 300 च्या खाली गेली. 1914 मध्ये फोर्डने आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलर रोज जाहीर केला. गाडी बनवणाऱ्यालाच ती परवडू लागली. आपल्याकडे 1983 मध्ये मारुती 800 आली आणि स्कूटरवर चौघांना बसवणारा नोकरदार गाडीची स्वप्नं बघू लागला.

दुबई तर गाडीच्याच मापाने वाढली. मेट्रो आली 2009 मध्ये, तोवर शहर शेख झायेद रोडच्या कडेने लांबवर पसरलं होतं. साधी जपानी गाडी घेतली की शारजात स्वस्त भाड्याने राहून दुबईत नोकरी करता येते. पण गाड्यांच्या भरवशावर घर आणि काम एकमेकांपासून लांब गेलं, आणि ते अंतर गाडी नसलेल्यालाही कापावं लागतं.

सोनापूरच्या कॅम्पातून साइटची बस पहाटे साडेचारला सुटते. संध्याकाळी शारजाच्या ट्राफिकमध्ये तीच बस अडकते. टाइमशीट मी भरतो. त्यात आठ तास असतात, बसमधले तीन तास कुठेच नसतात.

कायदाही साधारण हेच सांगतो. 2021 चा कामगार कायदा येण्याजाण्याचा वेळ कामात धरत नाही. पण 2022 च्या नियमावलीत तीन अपवाद आहेत, ते पाठ करा. एक, हवामान खात्याचा इशारा असताना खराब हवेतला प्रवास. दोन, कंपनीच्या गाडीला अपघात झाला किंवा ती अचानक बंद पडली तर. तीन, करारात तसं स्पष्ट लिहिलं असेल तर.

म्हणून बस बंद पडली की वेळ, जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि त्याच दिवशी सुपरवायझरला मेसेज टाका. करार नवा होताना प्रवासाच्या वेळेचं विचारा. आणि हजेरी लिहिणाऱ्या माझ्या भावांनो, हे तास शीटवर चढवणं आपल्याच हातात आहे. पेन आपल्याकडे आहे.