खेळातील फेरफार आणि कर्त्याचे काम

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग शहागडला गोदावरी ओलांडतो, आणि त्या रस्त्यावरून धावणारी एस. टी.ची लाल गाडी पाहतच इथली मुले मोठी होतात. इंडोनेशियातील मलेओ या संस्थेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ या मोबाइलवरील खेळात ही गाडी मुळात नव्हती. ती आपल्याकडच्या हौशी तरुणांनी सांगाडा, रंग आणि पाटीसह घडवून तेथे आणली. अशा फेरफाराला खेळाडू ‘मॉड’ म्हणतात.

मला हा फेरफार म्हणजे कर्त्याच्या कामावर खेळाडूने मारलेला शेराच वाटतो. जे नव्याने घातले, त्यावरून मूळ कृतीत कोणाचे जग राहून गेले ते कळते. ज्याला हात लावण्याची गरज भासली नाही, त्यावरून तिचे सामर्थ्य कळते. गाडी लाल झाली, तरी तिला वेग देणारे आणि वळणावर झुकवणारे मूळ गणित मलेओचेच राहिले. शिवाय इंडोनेशियातही वाहने डाव्या बाजूनेच चालत असल्यामुळे आपल्या चालकाची उजवीकडची जागा बदलावी लागली नाही, हा योगही मोठा सुखद आहे.

मॉड निघाला म्हणजे मूळ काम अपुरे होते, असा आक्षेप घेतला जातो. तो मला मान्य नाही, कारण नावडत्या कृतीसाठी रात्री जागवण्याचे श्रम कोणी घेत नाही. उलट, फेरफारास वाव ठेवणे हेच कर्त्याच्या कौशल्याचे अंग होय. 1993 च्या ‘डूम’ या खेळात जॉन कारमॅक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नकाशे व चित्रे मूळ यंत्रणेपासून वेगळ्या फायलींत ठेवली, म्हणून ती परक्यांना बदलता आली. पुढे व्हॅल्व्ह कंपनीच्या ‘हाफ-लाइफ’वर मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी 1999 साली ‘काउंटर-स्ट्राइक’ हा मॉड रचला, तेव्हा कंपनीने त्या दोघांना आपल्याकडे घेतले आणि 2000 साली तो स्वतंत्र खेळ म्हणून बाजारात आणला. गुणग्राहकता म्हणतात ती हीच.

मराठवाड्यातून उद्या खेळ घडवू पाहणाऱ्या तरुणांना माझी विनंती आहे, की त्यांनी चित्रे, आवाज आणि नकाशे यांच्या फायली वेगळ्या ठेवाव्यात, त्यांची रचना सोप्या मराठीत लिहून द्यावी आणि फेरफाराची मुभा आरंभीच जाहीर करावी. मॉड करणाऱ्यांनीही ज्याचा सांगाडा वापरला, त्याचे नाव त्यावर अवश्य नोंदवावे.