अफवेची बोली आणि यंत्राची मराठी

(कन्हान येथील व्याख्यानाची संहिता)



१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे रविवारचा आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकरी तेथे आले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवरून त्या परिसरात आधीच पोहोचली होती. जमावाने त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. दारोदार फिरून पोट भरणारा हा समाज. त्याची भटकंती हाच त्याचा गुन्हा ठरला.

त्याच वर्षी देशभर एक चित्रफीत फिरली. दुचाकीवरून आलेले दोघे मुलाला उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. मुळात ती कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केली होती. मूल परत आणून सोडल्याचा शेवट कुणीतरी कापून टाकला.

अशी असत्ये यंत्राला ओळखता येतील काय? डीप लर्निंग या तंत्रात शब्दांचे आकडे केले जातात आणि कोणता शब्द कोणाच्या संगतीत येतो, हे यंत्र असंख्य वाक्यांवरून शिकते. गूगलने २०१८ मध्ये ‘बर्ट’ हे प्रारूप खुले केले. पुण्यातील ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने २०२२ मध्ये मराठीच्या संग्रहात सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्यांची भर घातली आणि ‘महाबर्ट’ घडविले. हे कार्य निःसंशय अभिमानास्पद आहे. मात्र महाबर्ट भाषा जाणते. घटना घडली की नाही, हे जाणत नाही. त्यासाठी खरे-खोटे ठरवून ठेवलेले नमुने त्याला द्यावे लागतात आणि त्यांतूनही ते पुष्कळदा शैलीच शिकते. ‘ताबडतोब सर्वांना पाठवा’ दिसले की संशय! उद्या कन्हान नदीच्या पुराचा खराखुरा इशारा आला, तर तोही संशयितांत जाऊ शकतो.

आणि अफवा छापील मराठीत थोडीच येते? ‘पुलापाशी पोरं धरनारे आले म्हने, लेकरायले बाहीर नोका जाऊ देऊ’, अशी ती येईल. कधी हिंदी मिसळून, कधी रोमन लिपीत. वृत्तपत्रीय मराठीवर पोसलेले यंत्र ‘लेकरायले’चे तुकडे करीत बसते.

आधी पडताळलेल्या अफवांशी नव्या संदेशाचा अर्थ जुळविणे, हा मार्ग अधिक उपयुक्त दिसतो. हिंदीतील खुलासा मग मराठी अफवेलाही लागू पडतो. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश कुलूपबंद असतात. कुणी आणून दिला तरच तो तपासता येतो. २०१८ मध्ये त्या कंपनीने एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठविण्याची मर्यादा भारतात घातली, ती मजकूर न वाचताच.

वऱ्हाडी, अहिराणी, झाडीबोलीतले नमुने मात्र पुण्याच्या प्रयोगशाळेत बसून मिळणार नाहीत. कन्हान-कामठीच्या महाविद्यालयीन तरुणांनी एक वही घालावी. संदेशाची तारीख, मूळ मजकूर आणि पोलीस ठाण्याचा खुलासा, एवढे तीत असावे. मजकूर शुद्ध करून लिहू नये. ‘लेकरायले’चे ‘लेकरांना’ केले, की तो नमुना वाया गेला.