चौघांसाठी इटालियन जेवण : करणारीही पंगतीत बसेल असा बेत

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

मी तलवाड्याहून बोलतेय. गेवराई तालुक्यातलं, त्वरिता देवीचं तलवाडा. आजचा विषय ऐकून काही जण हसतील. ३१ डिसेंबरच्या रात्री घरातल्या चौघांसाठी इटालियन पद्धतीचं साधं जेवण.

आता हे कशाला? सांगते. आपल्याकडे सण म्हटला की पुरणपोळी. ताटात गरम पोळी पडली पाहिजे, म्हणून घरातली एक बाई शेवटपर्यंत तव्यापाशी. सगळ्यांचं उरकतं, मग ती एकटी बसते. पुरणपोळी सोडा असं मी म्हणत नाही. पण वर्षातून एखादं जेवण असं असावं, की करणारी पहिल्या घासापासून सगळ्यांबरोबर बसली पाहिजे. इटालियन जेवणात हे जमतं, कारण तिथे पदार्थ एकदम वाढत नाहीत. आधी थोडं तोंडात टाकायला, मग पास्ता, मग पुढचं, शेवटी फळ किंवा गोड. मधे गप्पा. घाई नाही.

आणि हे जेवण वाटतं तितकं परकं नाही बरं का. पास्ता दुरुम गव्हाच्या रव्याचा असतो. आपला बन्सी गहू त्याच जातीचा, शेवयांना वापरतात तो. आपला खपली गहू तिकडे ‘फारो’ म्हणून खातात. लग्नाच्या रुखवतात गव्हले, नखुले, मालत्या असतात ना, तो हाताने वळलेला पास्ताच म्हणा. आणि वरणफळ? डाळीत शिजवलेली कणीक. इटलीत हरभऱ्याच्या रश्श्यात पास्ता शिजवतात, त्याची ही सख्खी बहीण. त्यामुळे आजीला सांगताना ‘विदेशी’ म्हणू नका, ‘वेगळ्या तऱ्हेची वरणफळं’ म्हणा.

आता बेत. चारच गोष्टी.

पहिली, लसूण-टोमॅटोचा पाव. पाव तव्यावर कोरडा, कडक भाजायचा. गरम असताना त्यावर लसणाची पाकळी घासायची. वर बारीक चिरलेला टोमॅटो, मीठ, थोडं तेल. याला ‘ब्रुस्केटा’ म्हणतात.

दुसरी, पास्ता. माणशी ८० ग्रॅम, म्हणजे चौघांना ३२० ग्रॅम. सॉसला १ किलो पिकलेले, गराचे टोमॅटो. ४ मोठे चमचे तेलात ६-७ लसूण पाकळ्या आणि २ सुक्या मिरच्या मंद आचेवर परता. लसूण लाल होऊ देऊ नका, कडू होतो. मग चिरलेले टोमॅटो, मीठ, आणि अर्धा तास शिजू द्या. आंबट लागलं तर गुळाचा खडा. कांदा नाही, गरम मसाला नाही. हात शिवशिवतो, मला माहितीय, पण थांबा! मिरचीच्या या सॉसला ‘अराबियाता’ म्हणतात, म्हणजे रागावलेला. ठेचा खाणाऱ्या माणसांना तो रुचेल.

तिसरी, अख्खा मसूर. इटलीत वर्ष बदलताना मसूर खायची रीत आहे. दाणे नाण्यासारखे दिसतात, म्हणून येतं वर्ष पैशाचं जावं. कांदा, गाजर, लसूण परतून त्यात मसूर मऊ शिजवायचा, पण मोडू द्यायचा नाही. आजोबांना भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नसेल, तर भाकरी याच्याशी खुशाल द्या.

चौथी, संत्री. सोलून गोल चकत्या, वर थोडा मध. झालं गोड.

खर्चाचं बोलू. ऑलिव्ह तेल महाग आहे. फोडणीला आपलं करडईचं किंवा शेंगदाण्याचं चालतं. ऑलिव्हची लहान बाटली आणलीच, तर ती शेवटी वरून घालायला ठेवा. पास्त्याच्या पाकिटावर ‘दुरुम’ लिहिलंय का बघा, मैद्याचा लवकर चिकट होतो. आणि चीज. अस्सल पार्मेसान करताना वासराच्या जठरातला पदार्थ वापरून दूध फाडतात. शाकाहारी घरात पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच घ्या. नाही मिळालं तर पावाचा चुरा लसूण घालून तेलात खरपूस परता, तो वरून घाला. दक्षिण इटलीत गरिबाघरी चीजऐवजी हेच घालायचे. बेसिलची पानं हवी असतील तर सब्जा पेरा. सब्जा म्हणजे बेसिलचंच बी. पण महिना-दीड महिना आधी, कुंडीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वेळापत्रक. जेवण ८ वाजता धरू. दुपारी ४ ला मसूर शिजवून ठेवा. ६ ला सॉस. साडेसातला संत्री चिरून ठेवा, टोमॅटो चिरा, पाव भाजा. पावणेआठला एका शेगडीवर ३ लिटर पाणी, त्यात जवळपास ३० ग्रॅम मीठ, तेल नाही. दुसऱ्या शेगडीवर मसूर गरम करून उतरवा, मग तिथे सॉसची कढई. ८ ला उकळत्या पाण्यात पास्ता टाका आणि सगळ्यांनी पाव खायला बसा. पाकिटावर १० मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला पास्ता काढायचा. हे उठायचं काम घरातल्या बाप्या माणसाला द्या. वाटीभर पाणी बाजूला काढा, बाकीचं चाळणीतून गाळा, पास्ता सॉसमध्ये टाका, ते पाणी थोडं थोडं घालत मिनिटभर हलवा. त्या पाण्यातल्या पिठूळपणाने सॉस पास्त्याला धरतो. मसूर आणि संत्री तयारच आहेत, ज्याने त्याने वाढून घ्यायचं.

ओव्हन लागला नाही, मिक्सर लागला नाही. लाईट गेली तरी जेवण अडत नाही. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला शेतात मांडी घालून सगळे बरोबर जेवतात ना, तसंच हे, फक्त घरात.

एकच लक्षात ठेवा. माणसांनी पास्त्यासाठी थांबावं, पास्ता माणसांसाठी थांबत नाही. म्हणून हाक मारली की लगेच बसायचं, आणि हाक मारणारीनेही बसायचं. करून बघा, कसं झालं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.