कात्रीतून सुटलेला कोपरा

मेंदी म्हटली की आपल्याला हात आठवतो, झाड आठवत नाही. माझंही तसंच होतं. वाशीच्या आमच्या घरापुढच्या हातभर अंगणात हे झाड आलं, ते एका दुखण्यापायी.

ईदच्या आदल्या रात्री माझ्या मुलीनं बाजारचा कोन आणून हातावर काळी मेंदी काढली. दोन दिवसांनी जिथे नक्षी, तिथे पाण्यानं भरलेले फोड. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदीचा रंग केशरी ते तांबूस-तपकिरी. काळा कधीच नसतो. त्यासाठी केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन तीत मिसळतात. ते एकदा बाधलं, की पुढे केसांचा डायही जन्मभर बाधू शकतो.

मुलीनं मेंदीचं नाव टाकलं. मला वाटलं, यात झाडाचा काय दोष?

पावसाच्या तोंडावर एका कुंपणावरून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब, जून काड्या आणल्या. वाशी वसली खाडीकाठच्या भरावावर. आमच्याकडे खणलं की मुरूम लागतो. गुलाब दोनदा मेला होता. मेंदी मात्र कोरड्या मुलखात रमणारी. राजस्थानातल्या सोजतची मेंदी प्रसिद्ध आहे, ती अशाच कमी पावसाच्या रानातली. तहान तिला सोसते, साचलेलं पाणी सोसत नाही. म्हणून वाफा वीतभर उंच केला, पाण्याला वाट काढून दिली. चार काड्यांपैकी तीन जगल्या. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी, वर्षाला घमेलंभर शेणखत, आणि दिवसभर ऊन. एवढंच तिचं मागणं.

लिनियसनं १७५३ साली तिला 'लॉसोनिया इनर्मिस' म्हटलं. इनर्मिस म्हणजे बिनकाट्याची. पण जून फांद्यांची टोकं काट्यासारखी बोचतात. छाटताना हातमोजे घालावेत, नाव वाचून फसू नये.

कुंपणाची मेंदी आपण सतत छाटतो. तिचा फुलोरा येतो नव्या फांदीच्या शेंड्याला, आणि कात्री चालते नेमकी शेंड्यावरच. मी रस्त्याकडची बाजू छाटत राहिलो, एक कोपरा मात्र सोडून दिला. तिसऱ्या वर्षी तिथे बारीक, पिवळसर पांढऱ्या फुलांचे तुरे लगडले. संध्याकाळी वास घरात आला आणि मी दारातच थबकलो. अम्मीच्या ट्रंकेतल्या कपड्यांना हाच वास असे. तळाशी सुकलेले तुरे ठेवलेले असायचे. इतकी वर्षं मी तो वास अम्मीचाच समजत होतो.

हरतालिकेला शेजारच्या काकू पानं न्यायला आल्या. त्यांच्या नातीचे रंगलेले हात मुलीनं दुसऱ्या दिवशी पाहिले, काही बोलली नाही. मग एकदा डॉक्टरांना विचारून तिनं चार पानं वाटली आणि दंडाला टिकलीएवढा ठिपका लावला. दोन दिवस आम्ही दोघंही तो ठिपका बघत होतो. काही झालं नाही. तेव्हा तिनं तळहात पुढे केला.

रात्री हात धुऊन म्हणाली, "अब्बा, नुसता केशरीच आलाय."

म्हटलं, "उद्या बघ, बेटा."

मेंदीचा रंग चढायला एक रात्र द्यावी लागते.