मूल घरीच राहावे म्हणून
(समितीच्या वार्षिक सभेत केलेले निवेदन)



धान्य किती वाटले व चारा किती पुरविला, याचा हिशेब आम्ही अहवालात दिलाच आहे. परंतु दुष्काळाचे एक नुकसान कोणत्याही खतावणीत चढत नाही. ते म्हणजे घरापासून तुटलेले मूल. त्याविषयी आपणांपुढे चार शब्द ठेवण्याची अनुज्ञा असावी.

या कामी आपल्या पूर्वजांनी हात आखडता घेतला नाही. पंढरपुरास १८७५ साली निराधार अर्भकांसाठी आश्रम निघाला. पुढे १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतातील अन्नान्न झालेल्या विधवा व मुली आणून त्यांस आसरा दिला. मूल उचलून आणावे व जगवावे, हाच त्या काळचा उपाय होता, आणि त्याने अनेक जीव वाचले. परंतु ज्याची आई जिवंत आहे, त्यास केवळ भाकरीच्या अभावी अनाथ का व्हावे लागावे?

आजचा कायदा हाच प्रश्न आधी विचारतो. २०१५ च्या बालन्याय अधिनियमान्वये बालकल्याण समिती असते; तीत अध्यक्ष व चार सदस्य, आणि त्यांत एक तरी स्त्री असावी लागते. निराधार बालक सापडल्यास, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांत त्यास तिच्यापुढे आणावे लागते. समिती घरची चौकशी करविते. आईबाप स्वतःच मूल सोपवू लागले, तर फेरविचारासाठी त्यांस दोन महिन्यांची मुदत मिळते. संस्थेत ठेवणे हा अखेरचा उपाय मानिला आहे. याच धोरणाने महाराष्ट्र सरकार बालसंगोपन योजनेतून, मूल कुटुंबातच वाढावे म्हणून, मासिक अनुदान देते. २०२३ साली ते २,२५० रुपये ठरले.

मग आमचे काम काय उरले? उरते ते मधले अंतर. पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, गृहचौकशी, मंजुरी, यांत महिने जातात. चूल मात्र रोज पेटवावी लागते. याच महिन्यांत आई मुलाचा हात धरून आमच्या दारी येते व म्हणते, "ह्याला तरी कुठं ठेवून घ्या." याच महिन्यांत मुलगा शाळा सोडून ऊसतोडीस जातो, आणि मुलीचे लग्न वयाआधी उरकले जाते.

यास्तव आमची विनंती तीन प्रकारची आहे. व्यापारी बंधूंनी अशा कुटुंबांस मंजुरी येईपर्यंतचा शिधा द्यावा, व दाखले मिळविण्याच्या खर्चास हातभार लावावा. जमीनदार महाशयांनी मुलांस कामावर न घेता त्यांच्या आईबापांस काम द्यावे. आणि मजूर स्थलांतरास निघाले असता मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृहाची सोय होईल असे पाहावे. देणगीदारांनी, कितीही दया आली तरी, एकटे सापडलेले मूल परस्पर कोणाच्या हवाली करू नये. १०९८ या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तसे कळविणे कायद्याने बंधनकारकच आहे.

अनाथालयास दिलेली देणगी पुण्यकारक खरीच. परंतु अनाथालयाची गरजच पडू न देणारी देणगी आम्ही तिच्याहून मोठी समजतो. पाऊस पुन्हा पडेल, शेते पुन्हा पिकतील. त्या वेळी उंबऱ्यावर आईबरोबर तिचे मूलही उभे असावे, एवढ्यासाठी आम्ही आपणांपुढे पदर पसरीत आहो.